नम्र विनंती वगळून

मी पहिला अर्ज लिहिला तेव्हा चौथीत होते, आणि तो माझा नव्हता. आमच्या बौद्धवस्तीतल्या एका म्हातारीला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं. ती आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली. आबा सातवी शिकलेले. वाचायचे सगळं, पण लिहायचं म्हटलं की सहीच्या पुढं त्यांचा हात जायचा नाही. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. त्याच आठवड्यात गुरुजींनी शाळेत ‘आजारपणामुळे रजा मिळणेबाबत’ हा अर्ज शिकवला होता. मी त्यातलं आजारपण काढून रेशनकार्ड घातलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. प्रति, माननीय, विषय, महोदय, ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की’, आणि शेवटी ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ खाली ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’. म्हातारीनं त्याखाली अंगठा उठवला. पारनेरच्या तहसील कचेरीत तेवढ्या वयाची विद्यार्थिनी त्याआधी कुणी पाहिली नसेल. पण सुनेचं नाव चढलं.

तेव्हापासून वस्तीचे अर्ज माझ्याकडं आले. जातीचे दाखले, शिष्यवृत्ती, खांबावरचा दिवा, निराधारांची पेन्शन. हळूहळू ‘विद्यार्थिनी’ गेली, पण ‘आज्ञाधारक’ राहिलं. मला स्वतःला नगरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली ती अशाच एका अर्जावर. पॉलिटेक्निक झालं, नंतर डिग्री झाली. आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली. त्या गुरुजींचे उपकार मी कधीही नाकारणार नाही. त्यांनी शिकवलेल्या चौकटीतून मी शिकले आणि माझ्या मागून वस्तीतल्या आणखी मुली शिकल्या. हे आधीच सांगते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्या चौकटीला हसू नये.

डिग्रीनंतर मला सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम लागलं. मी क्वालिटीत आहे. मशीनवरून उतरलेला पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही हे मायक्रोमीटरनं मोजायचं, आकडे भरायचे आणि खाली सही करायची. रिपोर्ट इंग्रजीत असतो. माल पेट्यांत बंद होतो, वर माझ्या सहीचा कागद चिकटतो आणि तो बोटीनं जातो. पेट्यांवर मी कितीदा कॅनडातल्या गावांची नावं वाचली. सहा वर्षं माझी सही तिकडं जात होती आणि तिथल्या कुणीही कधी विचारलं नाही की हिला इंग्रजी येतं का.

मी स्वतः जायचं ठरवलं तेव्हा मात्र पहिला प्रश्न हाच आला. कुशल कामगार म्हणून त्या देशात कायमचं राहायचं तर गुण जमवावे लागतात. शिक्षणाचे, अनुभवाचे, वयाचे आणि भाषेचे. तिसाव्या वाढदिवसापासून वयाचे गुण कमी होऊ लागतात, आणि मला एकोणतीस पूर्ण झाली होती. भाषेची परीक्षा चार भागांची. माझ्या हिशेबानं मला ऐकण्यात आठ आणि वाचणं, लिहिणं, बोलणं या तिन्हींत सात-सात हवे होते. त्याच्या खाली एका भागात जरी अर्धा कमी पडला, तरी एवढे गुण जायचे की तिकडून अर्ज करण्याचं बोलावणं येण्याची आशाच नव्हती.

ऐकण्याची मला भीती होती, बोलण्याची त्याहून जास्त. बोलण्याच्या परीक्षेत मी एक वेंधळेपणाही केला. परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि मी उत्तर द्यायला उठून उभी राहिले. गुरुजनांनी काही विचारलं की उभं राहायचं, हे आमच्या पायांत भिनलेलं. बाई गोंधळल्या, त्यांनी हातानं बसा म्हणून खुणावलं. तरी बोलण्यात सात मिळाले. ऐकण्यातही आठ, वाचण्यात सात. लिहिण्याचं मी मनावरच घेतलं नव्हतं. गावातली निम्मी कपाटं माझ्या अर्जांच्या नकलांनी भरलेली. लिहिणं तर माझं हक्काचं होतं.

लिहिण्यात साडेसहा आले.

निकालाच्या कागदावर फक्त आकडा असतो, कारण नसतं. मी आठवडाभर तो आकडा बघत होते. कारखान्यात एखादा पार्ट मापाबाहेर गेला तर आम्ही कारण लिहिल्याशिवाय तो बाजूला टाकत नाही. इथं मलाच बाजूला टाकलं होतं आणि कारण लिहिलं नव्हतं.

मग मी नगरला एका मॅडमकडं क्लास लावला. माळीवाडा स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांची खोली. मॅडम तिथल्याच, मुसलमान घरातल्या, स्वतः उर्दू शाळेत शिकलेल्या आणि पुढं सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या. शनिवारी माझी सुट्टी असायची. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी परत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला परीक्षेत लिहिलेलं पत्र आठवून पुन्हा लिहायला लावलं. प्रश्न असा होता: तुम्ही भाड्याच्या घरात राहता, हीटर बंद पडलाय, घरमालकाला पत्र लिहा. काय बिघडलंय ते सांगा, त्याचा त्रास सांगा आणि त्यांनी काय करावं ते सांगा.

मी लिहिलं. आदरणीय महोदय. विषय. मी खाली सही करणार, आपल्या घरातील भाडेकरू, अत्यंत नम्रपणे आपल्या निदर्शनास आणून देते. आपला मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी. थंडी बरीच आहे. आपण थोर मनाचे आहात. आपल्याला सवड होईल तेव्हा माझ्या पत्राचा सहानुभूतीनं विचार व्हावा. मी आपली सदैव ऋणी राहीन. आपली आज्ञाधारक. सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. मॅडमनी ते माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला मोठ्यानं वाचायला दिलं. तो नगरच्याच सावेडीचा, इंग्रजी शाळेत शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा. अर्ध्यावर आल्यावर त्याला हसू आवरेना.

“घरमालकाला लिहिलंय का हायकोर्टाला?” तो म्हणाला.

क्लासमधले बाकीचेही हसले. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. मी म्हणाले, “असल्याच पत्रावर मला वसतिगृह मिळालं. तुला कशावर मिळालं?”

तो हसायचा थांबला. मग खरं तेच बोलला. “मला कधी लागलंच नाही.”

“मग हसू नको,” मी म्हणाले.

मॅडमनी त्याच्याकडून कागद घेतला आणि सगळ्यांना दुसरं काम दिलं. नंतर खुर्ची ओढून त्या माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, “तो हसला, ते चुकलं त्याचं. पण बेटा, आता हे तू वाच आणि मला सांग, ह्यात तुला पाहिजे काय?”

मी वाचलं. दोनदा वाचलं. थंडी होती, क्षमा होती, मालकाचा मोठेपणा होता. हीटर दुरुस्त करून द्या, हे वाक्य कुठंच नव्हतं. कधीपर्यंत, हे तर नव्हतंच. प्रश्नानं ज्या तीन गोष्टी मागितल्या होत्या त्यांतली तिसरी मी लिहिलीच नव्हती. ती मी सवडीवर आणि सहानुभूतीवर सोडून दिली होती.

“भाडं तू देते ना?” मॅडम म्हणाल्या. “मग माफी कशाची मागते?”

परत येताना एसटीत मी विचार करत होते. मी आयुष्यात शेकडो पत्रं लिहिली होती, पण बरोबरीच्या माणसाला एकही नाही. मैत्रिणींना फोन करता यायचा. कागद निघायचा तो फक्त वरच्या माणसासाठी. तहसीलदार, प्राचार्य, शाखाधिकारी, सरपंच. कागद आणि वाकणं ही दोन कामं मी कायम एकदमच केली होती, म्हणून ती वेगळी आहेत हेच मला कळलं नव्हतं. आणि मला याचाही राग आला की हे कळायला साता समुद्रापलीकडच्या एका न पाहिलेल्या घरमालकाचा हीटर बंद पडावा लागला.

मॅडमनी घरचा अभ्यास दिला होता. रोज एक पत्र. ज्यात तुमच्या हक्काचं काही मागायचं आहे असं. क्षमा, ऋणी, कृपा हे शब्द बंद. पहिले चार दिवस मी पुस्तकातले विषय घेतले. न घेतलेला सोफा मोडून आला, न पाहिलेल्या हॉटेलात खोली मिळाली नाही. अक्षर सरळ येई, पण आतून ते खोटं वाटे. पाचव्या दिवशी मी पाण्यावर लिहायला घेतलं.

आमच्या पाण्याची गोष्ट सांगायला हवी. आबा ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला आहेत. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन ते सकाळी गावभर फिरतात आणि एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतात. सगळ्या गावाला पाणी आबांच्या हातून मिळतं. आमची वस्ती मात्र लाइनच्या अगदी शेवटाला. सगळीकडं फिरून पाणी आमच्याकडं येतं तेव्हा त्याला दाब राहत नाही, करंगळीएवढी धार पडते. आमच्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह आणि दोन इंची लाइन हवी, असे चार अर्ज मी तीन वर्षांत लिहिले होते. चारही अर्जांत आम्ही नम्र होतो. एकाचंही उत्तर नव्हतं.

मी इंग्रजीत लिहिलेलं ते पत्र आबांनी पाहिलं. त्यांनी विचारलं, काय लिहितेस. मी सांगितलं, आपल्या पाण्याचं लिहितेय, सरावासाठी. ते म्हणाले, मराठीत वाचून दाखव. मी जसंच्या तसं मराठीत सांगत गेले. वस्तीत चौदा घरं आहेत. लाइनच्या शेवटाला असल्यानं पाण्याला दाब नाही. याआधी चार अर्ज दिले, त्यांच्या तारखा अशा. उत्तर मिळालेलं नाही. वेगळा व्हॉल्व्ह आणि दोन इंची लाइन टाकून द्यावी. काय ठरलं ते पंधरा दिवसांत लेखी कळवावं.

आबा थांबून होते. मला वाटलं, अजून काही येईल म्हणून वाट बघतायत.

“इनंती कुठंय ह्यात?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग ते घेत्याल का?”

“विनंतीवाले चार घेतले की. काय झालं?”

ते उठून बाहेर गेले. मला त्यांची अडचण माहीत होती. ज्या ग्रामसेवकाकडं अर्ज द्यायचा तोच त्यांचा साहेब. त्याच्या हाताखाली आबा कामाला, आणि हजेरीही त्याच्याच पुढं. आई मला म्हणाली, तू आज आहेस, उद्या उडून जाशील, त्यांना तिथंच राहायचंय, कशाला डोक्यात भरवतेस. आईचं खरं होतं. मी म्हणाले, मग राहू दे, सरावासाठीच लिहिलंय. पण सकाळी पाणी सोडून आल्यावर आबांनी चावी दाराशी उभी केली आणि म्हणाले, ते मराठीत उतरव, सही मी करतो. मी म्हणाले, सही मी केली तरी चालेल. ते म्हणाले, तुझी सही बोटीनं जाते ना. ही हितं द्यायचीय.

मी कोरा कागद घेतला. हात सवयीनं ‘सहानुभूतीपूर्वक’च्या जागेवर येऊन थांबला. मी ती जागा सोडली नाही, तिथं पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहिली. ‘आपला आज्ञाधारक’ लिहायचं तिथं आबांनी पूर्ण नाव लिहून सही केली. आडनावापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला.

ग्रामपंचायतीत मीही सोबत गेले. ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते वाईट माणूस नव्हेत, पण त्यांच्या टेबलावर कागद यायचे ते सगळे वाकून यायचे, त्यामुळं त्यांना सरळ कागदाची सवय नव्हती. त्यांनी वाचला, उलटून मागची बाजू बघितली.

“हा अर्ज आहे का नोटीस?”

आबा म्हणाले, “अर्जच हाय, भाऊसाहेब.”

भाऊसाहेब माझ्याकडं बघून हसले. “ताई कॅनडाला निघाली म्हणून जोर आला का तुम्हाला?”

मी बोलायला तोंड उघडलं होतं. आबांनी हातानं थांबवलं. म्हणाले, “ती जाईल तिकडं. पानी मला हितंच प्यायचंय.”

खोलीत शिपाई होता, दाखल्यासाठी आलेली दोन माणसं होती. कुणी हसलं नाही. भाऊसाहेबांनी कागद फायलीखाली सरकवला. आबा उभेच. जरा वेळानं म्हणाले, “पोच द्या.”

तीन वर्षांत आम्ही चार अर्ज दिले होते, पण पोच मागायचं धाडस आम्हाला झालं नव्हतं. भाऊसाहेबांनी नकलेवर शिक्का मारला, तारीख टाकली. आबांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात आडवा धरला आणि मग घडी न घालता घरी आणला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं असं नाही. एकविसाव्या दिवशी आलं. विषय पुढील मासिक सभेत ठेवण्यात येईल, एवढंच होतं त्यात. म्हणजे पाणी नव्हतं, पण कागद होता. आमच्या वस्तीला ग्रामपंचायतीनं लेखी दिलेलं ते पहिलं उत्तर. आबांच्या हजेरीलाही काही झालं नाही. भाऊसाहेब महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे, एवढंच.

त्या कागदानंतर चार दिवसांनी माझी दुसरी परीक्षा होती, पुण्याला. पत्राचा प्रश्न असा आला की प्रवासात तुमची बॅग हरवली आहे, विमान कंपनीला लिहा. मला विमानाचा प्रवास माहीत नव्हता, पण बॅग माहीत होती. वसतिगृहात पाच वर्षं वापरलेली हिरवी, चेन तुटलेली, आईनं बिब्ब्याच्या शाईनं आडनाव घातलेली. मी तीच हरवली. काय हरवलं, कुठं हरवलं, आत काय होतं हे लिहिलं. मग लिहिलं की ती शोधून अमुक तारखेपर्यंत घरी पोचवा, नाहीतर भरपाई द्या, आणि काय ठरलं ते लेखी कळवा. एका ठिकाणी पेन ‘आपला वेळ घेतल्याबद्दल’कडं वळला. मला आबा आठवले, फायलींसमोर उभे असलेले. मी पूर्णविराम दिला. बोलण्याच्या परीक्षेत मी बसूनच बोलले. मात्र जाताना परीक्षकांना वाकून नमस्कार केला. तो मी सोडणार नाही. तो भीतीचा नाही.

निकाल आला. लिहिण्यात साडेसात, बाकी सगळं हवं तेवढं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “बेटा, इंग्रजी तर तुझं आधीच होतं.”

माझ्या वाढदिवसाच्या आधी अर्ज करण्याचं बोलावणं आलं. आता खरा अर्ज भरायचा होता. कारखान्याचं अनुभवपत्र लागणार होतं. ते मी आमच्या एचआरकडं मागितलं, सहा ओळींत, तारीख घालून. तारखेच्या आदल्या दिवशी मिळालं. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांची तपासणी, डिग्रीचे कागद. एकेक करून सगळं संगणकावर चढवलं. रविवारची सकाळ होती. आबा पाणी सोडायला निघायच्या आधी माझ्या मागं स्टुलावर बसून बघत होते.

शेवटी एक जागा होती. आणखी काही सांगायचं असल्यास पत्र जोडा, नसल्यास सोडून द्या. मी तिथं थांबले. खोटं कशाला सांगू, एक पत्र माझ्याकडं तयार होतं. आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेलं. त्यात लिहिलं होतं की मी लहान गावातली आहे, घरातली पहिली पदवीधर आहे, वडील पाणी सोडतात, माझा विचार व्हावा. त्यातलं सगळं खरं होतं. एकही चूक नव्हती.

“तिथं काय लिहायचं अस्तं?” आबांनी विचारलं.

“काही राहिलं असेल तर.”

“ऱ्हायलंय का?”

मी कागद वाचून पाहिला, हीटरचं पत्र मॅडमसमोर वाचलं होतं तसा. त्यात मला काय हवं आहे ते नव्हतं. त्यांना माझी दया यावी, एवढंच होतं. माझी सहा वर्षं, माझी डिग्री, माझे साडेसात वर चढलेले होते. गाव लहान आहे म्हणून मला गुण नको होते. आणि गावाबद्दल, आबांच्या कामाबद्दल मला त्यांची माफीही नको होती.

“नाही,” मी म्हणाले, आणि ती जागा रिकामी ठेवून अर्ज पाठवला.

पडद्यावर अर्ज मिळाल्याचा क्रमांक आला. आबा पुढं वाकले. म्हणाले, ही पोच का? मी हो म्हणाले. ती छापून घे म्हणाले, आणि चावी खांद्यावर टाकून पाणी सोडायला गेले.

हे लिहितेय तेव्हा निर्णय यायचा आहे. व्हॉल्व्हचा विषय सभेत निघाला, मंजुरीला गेला, पुढं अडकला. आबांनी दुसरा कागद दिला. तो मी लिहिलेला नाही. माझ्या मागच्या गल्लीतली एक मुलगी आठवीत आहे, तिच्याकडून त्यांनी लिहून घेतला. मी नक्कल मागून वाचली. तारखा होत्या, मागणी होती. शेवटी तिनं सवयीनं ‘नम्र विनंती’ लिहिलं होतं, आणि त्यावर आबांच्या हातची एक आडवी रेघ होती.